आज वाट चुकलात वाटतं?

ठाण्यातल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एक रविवार दारात उभं राहायची पाळी माझी असते. काम सोपं. हात जोडून ‘सलाम’ म्हणायचं, गीतांचं पुस्तक हातात द्यायचं आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्या बादलीत ठेवायला सांगायचं. छत्र्यांचं काम मी उत्तम करतो.

घोटाळा तोंडाचा होतो. जुलैतल्या एका रविवारी, पहिलं गीत संपल्यावर, ओळखीच्या एक बाई आल्या. दोनेक वर्षांनी. साडीचा काठ चिखलाने भरलेला. मी अगदी प्रेमाने म्हणालो, “काय ताई, आज वाट चुकलात वाटतं?”

त्या हसल्या. आपल्याकडे या वाक्यावर हसायचंच असतं. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसल्या आणि आशीर्वादाआधीच उठून गेल्या. पाऊस थांबला होता. छत्री बादलीतच राहिली.

निळी, एक काडी मोडलेली ती छत्री मी घरी आणली. खुंटीवर ती दिसली की ते वाक्य आठवायचं. मराठीत अशी वाक्यं पुष्कळ आहेत. ‘आज सूर्य कुठे उगवला?’ ‘अलभ्य लाभ!’ स्वागतही होतं आणि गैरहजेरीही मांडून होते.

त्यातून वाट चुकलेल्यांबद्दल आमच्याकडे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात अख्खा 15वा अध्याय आहे. मेंढपाळ 99 मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जातो आणि सापडल्यावर ‘आज इकडे कुठे?’ असं न विचारता त्याला खांद्यावर घेतो. पुढच्या गोष्टीत वाटणी घेऊन गेलेला, सगळं उधळून बसलेला धाकटा मुलगा माफीचं भाषण पाठ करून घरी येतो. ‘मला मोलकऱ्यासारखं ठेवा’ हे वाक्य तोंडातच राहतं, बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणून मोकळा. हिशोब काढतो तो थोरला भाऊ. शेतातून येतो, आतली गाणी ऐकतो आणि ‘इतकी वर्षं राबलो मी, आणि मेजवानी याला?’ म्हणत घरात जायलाच तयार होत नाही. खरं सांगू, मला त्याचं म्हणणं नेहमीच पटत आलंय. दर रविवारी न चुकता येणाऱ्यांना ते पटतंच. आमच्या कमिटीवर तो बिनविरोध निवडून आला असता.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात तर थेट दारावरच्या माणसालाच धरलंय. सोन्याची अंगठीवाला आला की ‘इथे बसा’, मळक्या कपड्यातला आला की ‘तू तिथे उभा राहा’. मी ताईंना उभं ठेवलं नव्हतं, बाकही दाखवला होता. पण माझी नजर आधी कुठे गेली? साडीच्या काठाकडे.

गंमत म्हणजे सोमवारी लोकलमध्ये हाच मी तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी मुकाट सरकतो. इतके दिवस कुठे होतात, असं कोणी विचारत नाही. 1853 मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, सरकून बसायचा सराव आम्हाला केव्हापासूनचा असेल!

ऑगस्टमधल्या माझ्या पाळीला छत्री सोबत नेली. ताई आल्या, पुन्हा उशिराच. मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली होती, एकही जमेना. “सलाम,” म्हणालो आणि छत्री पुढे केली.

त्यांच्या हातात दुसरी होती, पाणी गळणारी.

“दोन्ही ठेवा बादलीत,” त्या म्हणाल्या, “जाताना नेते. गीत कितवं चाललंय?”