काटकसर कुठे केली?

नवी लेन्स घरी आली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला पडली?’ आणि दुसरा, ‘झूम किती आहे?’ पन्नास मिलिमीटरच्या प्राइम लेन्सला झूम नसतोच, आणि हे एकदा सांगितलं की पहिल्या प्रश्नाला दिलेला आकडा कितीही लहान असला तरी जास्तच वाटतो. आमच्या काकांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाले, ‘खेळण्यातली वाटते रे.’

वाटतेच. कॅननची ही स्वस्त ‘फिफ्टी’ १९८७ साली निघाली तेव्हा तिच्या बुडाला धातूचं कडं होतं आणि अंतर दाखवणारी छोटी खिडकीही होती. १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही गेलं. कडं प्लॅस्टिकचं झालं, वजन १३० ग्रॅमवर आलं आणि फोकसची मोटर अशी कुरकुरू लागली की लग्नाच्या हॉलमध्ये भटजींनी मान वर करून बघावं. आतली सहा भिंगं मात्र तीच राहिली. म्हणजे काटकसर केली ती डब्यात, काचेत नाही. स्वस्त लेन्स घेताना मी एवढंच शोधत असतो, की बनवणाऱ्याने पैसे वाचवले ते नेमके कुठे, आणि तिथे वाचवले तर माझं काही अडतं का.

पन्नासची लेन्स मुळात स्वस्त होऊ शकते याला कारणंही आहेत. एक म्हणजे तिचं घराणं जुनं. १८९६ साली झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फने ‘प्लॅनार’ नावाची भिंगांची मांडणी केली. आजच्या बहुतेक पन्नासच्या लेन्सा तिच्याच वंशातल्या. तेव्हा एवढ्या भिंगांमधून उजेड आतल्या आत परावर्तित होई आणि चित्र फिकं पडे. १९३५ मध्ये झाइसमध्येच काचेवर पातळ लेप द्यायची युक्ती निघाली आणि त्या मांडणीचं नशीब फळफळलं. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटातला आरसा. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, लेन्सचं कडं आणि चित्र टिपणारा सेन्सर यांच्यात आरशाला उघडमीट करायला जागा लागते: कॅननमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५. पन्नासची लेन्स या अंतराच्या जेमतेम पलीकडे सुखाने बसते. त्याहून बरीच वाइड (लहान आकड्याची, जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स हवी असेल तर उजेडाला आडवळणाने न्यावं लागतं, भिंगं वाढवावी लागतात, आणि भिंगं वाढली की बिल वाढतं.

मग एवढ्या पैशांत मिळतं काय? उजेड. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. पन्नासचं एफ/१.८ पर्यंत उघडतं (आकडा लहान तितकं भोक मोठं, हा उफराटा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागतो). फरक जवळजवळ दहापट उजेडाचा. गणपतीच्या आरतीला, निरांजन आणि एका ट्यूबलाइटच्या उजेडात, किट लेन्सला सेकंदाचा सहावा भाग शटर उघडं ठेवावं लागत असेल तर हिला साठावा भाग पुरतो. टाळ्या वाजवणारे हात तरीही पुसट येतील, पण आजीचा चेहरा आजीसारखा येतो. अर्थात १.८ वर सगळा घोळका टिपायला जाऊ नये. पुढची रांग लख्ख येते, मागची पुसट, आणि मागच्या रांगेतले नातेवाईक वर्षभर अबोला धरतात.

आता तिची अडचण. साध्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे पन्नासची लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. वन बीएचकेत बारशाचे फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते आणि पाळणा अजून अर्धाच दिसत असतो. घरातल्या घरात फोटो काढणाऱ्याला मी निकॉनची ३५ एफ/१.८ (२००९ ची, लहान सेन्सरसाठीच बनवलेली) किंवा कॅननची चपटी २४ एफ/२.८ घ्यायला सांगेन. चोवीसची दुसऱ्या लेन्सच्या टोपणासारखी दिसते, खिशात मावते आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. रस्त्यावर फोटो काढताना हे फार बरं पडतं.

निकॉनवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. त्यांची जुनी ५० एफ/१.८ डी सेकंडहँडमध्ये मोहात पाडणाऱ्या भावाने मिळते, पण तिच्यात फोकसची मोटरच नाही. ती कॅमेऱ्यात असावी लागते. आणि २००६ च्या डी४० पासून पुढच्या स्वस्त बॉड्यांतून निकॉनने ती काढून टाकली. ‘बसते की हो,’ असं दुकानदार म्हणतो ते खोटं नसतं. बसते. फोकस मात्र हाताने फिरवायचा, आणि फिरवेपर्यंत रांगतं पोर सोफ्याखाली गेलेलं असतं.

वाइडमध्ये काटकसर उजेडात करतात. कॅननची १०-१८ (२०१४) आली तेव्हा एफ/४.५ ऐकून काहींनी नाक मुरडलं. पण कोकणकड्याची ती अर्धगोल कपार एका चौकटीत बसवायला निघालेला माणूस भोक एफ/८ वरच ठेवणार, ट्रायपॉड लावणार. ज्या भोकाचे पैसे वाचवले ते त्याने उघडलंच नसतं. तेच किट लेन्सचं. भर उन्हात एफ/८ वर काढलेला फोटो किटचा की महागड्या लेन्सचा, हे फोनवर बघून ओळखणारा अजून मला भेटलेला नाही.

टेलीमध्ये, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, सावध राहावं लागतं, कारण तिथे काटकसर नावात लपलेली असते. निकॉनची लहान सेन्सरसाठीची ७०-३०० एएफ-पी दोन प्रकारांत निघाली, दिसायला जवळजवळ सारखी. एकीच्या नावात शेवटी ‘व्हीआर’ आहे, दुसरीच्या नाही. ती दोन अक्षरं म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा. ती नसेल तर ३०० वर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर ऊन चढल्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उठतो, तेव्हा तितका उजेड मिळतो. शिवाय उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायचे तर शटरच वेगवान हवं, व्हीआर तिथे काही मदत करत नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसून नातीचं नृत्य टिपायचं असेल तर व्हीआरशिवायची लेन्स फुकट मिळाली तरी नको. खरं तर अंधाऱ्या रंगमंचासाठी एफ/६.३ ची व्हीआरवालीही नको. पुढची खुर्ची पकडावी आणि पन्नास लावावी.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही मिररलेसचे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे) नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी कडी, आणले, तेव्हापासून डीएसएलआरच्या चांगल्या लेन्सा सेकंडहँड बाजारात यायला लागल्या आहेत. मुंबईत फोर्टात बोरा बझारला चक्कर मारून बघावी. जाताना आपला कॅमेरा आणि टॉर्च सोबत न्यावा. माठ टिचकी मारून घेतात तशी जुनी लेन्स टॉर्च मारून घ्यायची: भोक पूर्ण उघडं ठेवायचं, एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने डोळा. आत चारदोन धुळीचे कण दिसले तर भाव पाडायला उपयोगी पडतात, फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही सहसा त्रास देत नाही. मागच्या काचेवरचा देऊ शकतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि काचेवरचा लेप खाते. ‘साहेब, पुसून देतो,’ असं म्हणत दुकानदार भाव निम्म्यावर आणेल. टोपण लावून लेन्स त्याच्या हातात द्यावी आणि पुढच्या दुकानाची पायरी चढावी.