कौल उजवा पडला होता

२०१८ च्या आषाढी एकादशीला, म्हणजे २३ जुलैला, मी पहिल्यांदा चालत विठ्ठलापूरला गेलो. साखळीजवळचं, वाळवंटीकाठचं आमचं गोव्याचं पंढरपूर. मोठा उत्सव तिथे चैत्रात होतो, पण ज्यांना घाट चढून खऱ्या पंढरीला जाणं जमत नाही, ते आषाढीला इथे येतात. मला तर तेव्हा काहीच जमत नव्हतं.

फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ मध्ये पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा आम्ही खनिज वाहणारे ट्रकवाले एकमेकांना सांगत होतो, सहा महिन्यांत सुरू होतील. या वेळी तसं म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. माझा ट्रक अंगणात उभा. जूनमध्ये हौद्यात पाणी साचलं आणि रात्री बेडूक ओरडू लागले. बायको म्हणाली, हप्ता आपण भरतो आणि राहतात हे.

त्याआधी एप्रिलात गावच्या देवळात कौल लावला होता. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, ओल्या कळ्या देवीला लावल्या. ट्रक ठेवायचा असेल तर उजवी दे, विकायचा असेल तर डावी. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी टपकन पडली. भटजींनी ती तळहातावर दिली, मी पाकिटात ठेवली. ट्रक ठेवला. तीन हप्ते थकले. वसुलीचा माणूस दारात उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेला, त्या दिवसापासून मी देवीशी अबोला धरला.

आई म्हणाली, "मग विठोबाकडे जा." मला ते पटलं. त्याच्याकडे कौल नाही. दोन्ही हात कमरेवर, उजवं-डावं काही सांगायची सोयच नाही. निदान चुकीचं उत्तर तरी मिळणार नाही!

अस्नोड्याहून पहाटे पाचला पन्नासेक माणसं निघाली. डिचोली, कारापूर करत पंधराएक किलोमीटर. पाऊस असा की टाळ वाजतोय की पन्हळ, कळत नव्हतं. मुळगावात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन अनवाणी चालू लागलो. गटारातून लाल पाणी वाहत होतं. खाण बंद होऊन चार महिने झाले, तरी डोंगर अजून रंग सोडत होता. ऐन हंगामात याच रस्त्यावर आमच्या ट्रकांची रांग लागायची, माणसाला रस्ता ओलांडता यायचा नाही. आता मधोमध चाललो तरी हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.

माझ्या बाजूला सत्तरीच्या आसपासची एक म्हातारी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात तुळस. पायाकडे बघून म्हणाली, "खाणीर आसलो मरे तूं?" म्हटलं, हो मावशी, ट्रक आहे. कसं ओळखलं, ते विचारायचं राहून गेलं.

मग तिने आपलं शेत सांगितलं. खाणीचा गाळ आला, पहिल्या वर्षी बोटभर, नंतर घोटाभर. भात रुजेना. घरातली धूळ ती दिवसातून तीनदा पुसायची. हे सगळं ती न रागावता सांगत होती, जसं कुणी आजारपण सांगतं. अधूनमधून "रामकृष्ण हरी" चालूच. मी म्हटलं, मावशी, आमचीही पोटं होती. ती म्हणाली, "आसलीं मरे." एवढंच.

डिचोलीपर्यंत मग आम्ही गप्प. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: मी चाललोय खाणी सुरू होऊ देत म्हणून, आणि ही चाललीये त्या कधीच सुरू होऊ नयेत म्हणून. ताल एक, देव एक. त्याने कुणाचं ऐकायचं? बावीस वर्षं देवाकडे मागणं घालताना माझ्या मागण्याच्या खाली कुणाचं शेत आहे, हे मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणावं, तर हप्ताही थकलेलाच होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

विठ्ठलापूरला रांग मोठी होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. गाभाऱ्यापाशी पोचलो तेव्हा पाठ केलेलं गाऱ्हाणं तोंडात आलं, पण "खाणी" या शब्दापाशी जीभ अडली. शेवटी म्हटलं, चतुर्थीपर्यंतचे हप्ते तेवढे बघ. भिजलेल्या पाकिटातली देवीची ती सुकलेली कळी काढायची, असं ठरवलं होतं. काढली नाही. मागून कुणीतरी ढकललं, आणि दर्शन संपलं.

बाहेर म्हातारी नदीकडच्या बाजूला बसून उकडलेली रताळी सोलत होती. एक माझ्यापुढे केलं. विचारलं, मावशी, काय मागितलं?

"तुज्या ट्रकाक बरें गिरायक मेळूं, म्हण सांगलें."

मी हसलो. तीही हसली, पण ती थट्टा करत नव्हती.

दिवाळीआधी गिऱ्हाईक आलं, कर्नाटकातलं. ट्रक गेला. त्यातलं "बरें" तेवढं विठोबाला पावसात ऐकू गेलं नसावं. भाव सांगायची मला अजून लाज वाटते.