पुस्तक नसलं तरी वाचता येतं म्हणे!

बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पार पाचव्या ओळीवर! सातपूरला आमच्या शेजारची पाचवीतली पोरगी आज इंग्लिशचा धडा वाचून दाखवत होती, काय फाडफाड, मी म्हटलं वा. सहज पुस्तक मिटलं तर ही थांबेचना. म्हणते, "काकू, पुस्तक नसलं तरी मला वाचता येतं."

हसू आलं आधी. मग धड्याबाहेरची एक साधी ओळ लिहून दिली तर पहिल्याच शब्दाला गाडी अडली.

मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्लिश आहे, पण अजूनही घोकायचं काय तर सी ए टी कॅट. आता सी, ए, टी पटपट म्हणून बघा, कॅट होतं का कुठे? मराठीत क म्हणजे क, विषय संपला. तिकडे अक्षरं २६ आणि आवाज चाळीसच्या वर, एकच ए कॅटमध्ये वेगळा, केकमध्ये वेगळा, बॉलमध्ये अजून तिसराच, आणि हे पोरांना कोणी नीट बसवून सांगतच नाही. मग ती पाठ करतात, मार्कही पडतात, सगळे खूश (आईबापांसकट).

तुमच्याकडची पोरं कधी न बघितलेलं पान वाचतात का हो? एकदा देऊन बघा, आणि खरं सांगा.