हॉलिवूड बोलच्या बाकापासून गिटारीपर्यंत

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात १९२२ पासून मैफली होत आल्या आहेत. बीटल्सनी १९६४ आणि १९६५ साली तिथेच कार्यक्रम केले. तिथले अलास्कन यलो सिडार या झाडाच्या लाकडाचे जुने बाक काढल्यावर त्यातून फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉप या खास विभागाने गिटारी तयार केल्या होत्या. त्या विकत घेणे मला परवडण्यासारखे नव्हते. पुढे अशाच एका बाकाच्या काही फळ्या परिचितांकडून मिळाल्या, तेव्हा त्यांची इलेक्ट्रिक गिटार करून घ्यावी असे मनात आले आणि मी जवळच्याच एका कारागिरांकडे त्या घेऊन गेलो.

त्यांनी फळ्यांना हत्यार लावण्याआधी त्यांची तपासणी केली. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्या रंगाची चाचणी होईपर्यंत घासकाम करायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. त्यानंतर प्रत्येक फळीवरून धातुशोधक फिरवून आत तुटून राहिलेले स्क्रू शोधून काढले, कारण एक जरी आत राहिला तरी रंध्याच्या यंत्राचे पाते खराब होते आणि उडालेला तुकडा डोळ्यालाही लागू शकतो. स्क्रूभोवती लोखंडाचे काळसर डाग खोलवर मुरलेले होते. ते पूर्ण घालवायचे तर निम्मी फळी तासून टाकावी लागली असती, म्हणून काही डाग तसेच ठेवायचे आम्ही ठरवले. खरे पाहता या सगळ्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न हाच होता: जुनेपण किती राखायचे आणि किती तासायचे. एका फळीवर आसनक्रमांकाची पुसट खूण होती. ती दर्शनी भागावर मिरवण्यापेक्षा पाठीवर असावी, हे माझे मत कारागिरांनी काहीशा नाराजीनेच मान्य केले.

उघड्यावर ऊन आणि दव सोसलेले लाकूड लगेच जोडता येत नाही. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून त्या कार्यशाळेतच रचल्या आणि आर्द्रतामापकावर आकडा आठ टक्क्यांच्या आसपास स्थिरावेपर्यंत काम थांबवले. टेलिकास्टर या फेंडरच्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारीच्या पद्धतीच्या गिटारीचे अंग साधारण ४४ मिलिमीटर जाड असते आणि बाकाची फळी तेवढी जाड नव्हती, त्यामुळे दोन थर सरसाने चिकटवावे लागले. रुंदी मिळवण्यासाठी कडा जोडाव्या लागल्या त्या वेगळ्याच. रंधा फिरू लागला तेव्हा वरच्या करड्या थराखालून फिकट पिवळे, अतिशय दाट रेषांचे लाकूड बाहेर आले आणि कार्यशाळेत कच्च्या बटाट्यासारखा वास पसरला. यलो सिडारचा वास तसाच असतो, हे मला तिथे प्रथम कळले.

हे लाकूड हलके आणि मऊ आहे. त्यात स्क्रू वारंवार काढला-घातला की त्याची पकड सुटते. म्हणून नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, सांध्यासाठी कारागिरांनी अंगात धातूच्या आटेदार नळ्या बसवल्या. नेक मात्र नवीन मेपलची घेतली, कारण तारांचा ताण इतक्या मऊ लाकडाने सहन करावा अशी अपेक्षा करणे बरोबर नव्हते. गिटारीत सगळे लाकूड जुनेच हवे असा हट्ट धरणारे लोक असतात. मला तो हट्ट निरर्थक वाटतो. फेंडरच्या १९५० सालच्या अगदी सुरुवातीच्या एस्क्वायर गिटारींमध्ये अंग पाइनचे आणि नेक मेपलची होती, म्हणजे मऊ लाकडाचे अंग आणि कठीण लाकडाची नेक ही जोडी काही नवी नाही. एस्क्वायरप्रमाणेच माझ्या गिटारीलाही ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगावर टेकतात तिथे, एकच पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग) आहे. शेवटी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात दिला, त्याने स्क्रूच्या खुणा अधिकच उठून दिसू लागल्या.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगायचे तर बाकावर बसून लोकांनी ऐकलेले संगीत लाकडात साठते, यावर माझा विश्वास नाही. इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप, तारा आणि अँप्लिफायर यांचा वाटा लाकडापेक्षा पुष्कळ मोठा असतो. मात्र गिटार हलकी आहे, उभे राहून बराच वेळ वाजवली तरी खांदा दुखत नाही, आणि ही सोय निश्चितच लाकडाची आहे. एक काम अजून बाकी आहे: सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) पूर्ण खाली बसवूनही तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) जरा उंचच राहतात, त्यामुळे पुढच्या भेटीत नेक बसते त्या खाचेत पातळ पट्टी घालून नेकचा कोन बदलायचे ठरले आहे.