बोट की काठ? कॅरिबियनचं एकदाचं ठरलं

गेले दोन महिने आमच्याकडे दुसरा विषयच नाही. जेवताना तेच, झोपताना तेच. कॅरिबियनला डाइव्हिंगला जायचं हे पक्कं, तारखा पण पक्क्या (ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस, दोघांना एकत्र रजा तेव्हाच मिळतेय), फक्त बेट कुठलं ते ठरेना. नवरा लिटल केमनवर अडून बसलेला, मी बोनेर म्हणत होते, आणि ज्याला सल्ला विचारावा तो स्वतः जिथे गेला असेल तेच बेट जगात भारी म्हणून सांगतो. शेवटी नवऱ्याने एक्सेल शीट केली. त्यात कासवं, शार्क, पाण्याचं तापमान, व्हिजिबिलिटी, सगळ्याला मार्क. गंमत म्हणजे सगळी बेटं उन्नीस-बीस निघाली, कारण पाणी सगळीकडे २६ ते २९ डिग्री, कासव सगळीकडे दिसतं आणि लायनफिश नावाचा काटेरी मासा तर नको तिथे सुद्धा दिसतो.

मग आधी महिन्याची चाळणी लावली. ऑक्टोबर म्हणजे चक्रीवादळाचा सीझन, तिकडे तो १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबरच्या आसपास जोर सगळ्यात जास्त. २००५ ला विल्मा वादळ मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर ऑक्टोबरमध्येच येऊन बसलं होतं. २०२४ चं बेरिल तर जुलैच्या पहिल्याच दिवशी ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरून गेलं, म्हणजे सीझनने जोर पण धरला नव्हता. आता प्रत्येक ऑक्टोबरला वादळ येतंच असं नाही, आणि लोक जातात, स्वस्तात हॉटेलं मिळतात म्हणून मुद्दाम जातात. पण दोन वर्षं पैसे साठवून जायचं आणि रोज सकाळी उठून वादळाचा नकाशा बघायचा, ही सुट्टी नाही. त्या हिशोबाने दक्षिणेची अरुबा, बोनेर, कुरसाव ही तीन बेटं बरी, पार व्हेनेझुएलाच्या अंगाला आहेत, वादळं बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरेने निघून जातात. अगदीच सुरक्षित असं मी म्हणणार नाही, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी नावाचं वादळ उलट्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि बोनेरची जी बाजू कायम शांत असते नेमकी तिलाच लाटांनी झोडपलं. पण त्यातल्या त्यात.

बेलीझचा ब्लू होल नवऱ्याच्या लिस्टमध्ये होता, कोणाच्या नसतो म्हणा. वरून काढलेला तो फोटो, निळ्या पाण्यात गडद निळा गोल, जवळजवळ ३०० मीटर रुंद आणि १२० मीटरपेक्षा जास्त खोल. ती खरं तर चुनखडीची गुहा होती, समुद्र खाली होता तेव्हाची कोरडी, नंतर पाणी चढलं. आत लटकलेले दगडी झुंबरासारखे सुळके आहेत आणि तेच बघायला सगळे जातात, पण ते ४० मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे तिथे जेमतेम काही मिनिटं मिळतात आणि लगेच वर यायला लागतं. त्याच्यासाठी अँबरग्रिस बेटावरून दोन तासांच्या वर बोट, उघड्या समुद्रातून, आणि तेवढाच वेळ परत. मला बोट लागते. गोळी घेऊन पण लागते. फोटो विमानातून छान येतो तर विमानातूनच बघावा असं मी म्हटलं, नवरा दोन दिवस बोलला नाही.

होंडुरासचं रोआतान बेट पटकन बाद झालं. खरं तर अन्याय झाला, स्वस्त आहे, रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, अगदी जवळ आहे, जगातल्या दोन नंबरच्या बॅरियर रीफचाच तो भाग, पण तिकडे ऑक्टोबरपासून पाऊस धरतो आणि किनाऱ्यावरच्या सँडफ्लाय, त्या चावऱ्या बारीक माश्या, मला फोडून काढतील याची खात्री होती.

राहिलं कोझुमेल, तिथे आम्ही एकदा जाऊन आलोय. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

कोझुमेलचं डाइव्हिंग म्हणजे ड्रिफ्ट. बोट तुम्हाला वर सोडते, खाली करंट तुम्हाला रीफवरून वाहून नेतो, फिन्स मारायची पण गरज नाही, आणि बोट वरून मागे मागे येते. तिथल्या पालांकार रीफच्या त्या कमानी आणि बोगदे, निळ्या पाण्यात तरंगत जाताना, मी आयुष्यात त्याच्याइतकं सुंदर काही बघितलेलं नाही. पण हे झालं चौथ्या डाइव्हचं. पहिल्या डाइव्हला काय झालं ते सांगते. सगळे एकदम उडी मारून एकदम खाली गेले, आणि माझा डावा कान चार मीटरवर दाबाने अडला. नाक दाबून फुंकर मारली, काही नाही. मीटरभर वर आले, परत मारली, चूं असा आवाज आला आणि बंद. खाली पकडायला दोर नाही, बाजूला भिंत नाही, नुसतं निळं पाणी, आणि खाली ग्रुपचे बुडबुडे हळूहळू पुढे सरकतायत, कारण करंट त्यांच्याकडे वेगळा आणि माझ्याकडे वेगळा. गाईडने वर बघून ओकेची खूण केली, मी कानाकडे बोट दाखवून हात हलवला, त्याने थांबायची खूण केली, पण थांबणार कशाला धरून. पाच मिनिटांत मला एक पण माणूस दिसेना. वर आले, सॉसेज फुगवलं (तो नारिंगी लांबडा फुगा), आणि एकटीच लाटांवर हलत बसले. बोटीने मला वीसेक मिनिटांनी उचललं, बोटवाला चांगला होता, हसून संत्रं दिलं, आणि ते संत्रं मी लगेच समुद्राला परत केलं.

तेव्हा डोक्यात बसलं की माझ्यासाठी प्रश्न मासे किती याचा नाहीच आहे, खाली जायचा वेग कोणाच्या हातात आहे याचा आहे. कानाचं गणित असं आहे की वरच्या पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात जास्त त्रास वरच, आणि नेमकं तिथेच बोटीच्या डाइव्हला सगळ्यांना घाई असते.

बोनेरला किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत, त्यावर डाइव्ह साइटचं नाव. पिकअप भाड्याने घ्यायचा, मागे हवेचे टँक टाकायचे, दगड दिसला की थांबायचं, डाइव्हिंगचा गिअर अंगावर चढवायचा आणि चालत पाण्यात. बस. वारा कायम पूर्वेकडून वाहतो त्यामुळे पश्चिमेची बाजू आडोशाला, पाणी बहुतेक शांत. आधी उथळ वाळू, मग हळूहळू उतरत जाणारा पट्टा आणि मग साधारण दहा मीटरला रीफ खाली वळतो. म्हणजे मला पाहिजे तर एक एक मीटर उतरायला दहा मिनिटं घेईन, कान नाहीच उघडला तर उलटी फिरून चालत बाहेर येईन आणि जेवून परत जाईन. वर कोणी घड्याळ बघत बसलेलं नाही.

फुकट काहीच नाही अर्थात. माणशी ४० डॉलरची नेचर फी, शिवाय बेटावर यायचा ७५ डॉलरचा कर वेगळा. पण ते पैसे मला खुपत नाहीत, कारण तिथला सगळा किनाराच १९७९ पासून मरीन पार्क आहे. हातमोजे घालायला पण बंदी, म्हणजे कोणी प्रवाळाला धरायलाच नको. फी भरली की पहिला डाइव्ह ओळखीचा करायचा, तुमचा तोल नीट आहे का ते बघतात, मग मोकळे.

तोटे नवऱ्याने मोठ्या आनंदाने मोजून दाखवले. शार्क जवळजवळ नाहीत. सरळ तुटलेली भिंत नाही, उतार आहे. आत शिरताना पायाखाली प्रवाळाचे तुकडे आणि धारदार खडक, पाठीवर टँक घेऊन घोटा मुरगळायची उत्तम सोय. एका साइटचं नाव थाउजंड स्टेप्स, पायऱ्या असतील सत्तरेक, पण डाइव्ह करून टँकसकट वर चढताना हजार वाटतात म्हणून ते नाव म्हणे. आणि पिकअपमधून चोऱ्या होतात, त्यामुळे सगळे सांगतात गाडीत काही ठेवू नका आणि काचा उघड्याच सोडा, निदान फोडणार तरी नाहीत. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, असल्या ठिकाणी जाताच कशाला.

लिटल केमनबद्दल त्याचं खरंच चूक नाही. तिथली ब्लडी बे वॉल, पाण्याखालची प्रवाळाची भिंत, काही ठिकाणी अवघ्या सहा मीटरपासून सुरू होते आणि सरळ शेकडो मीटर खाली, बेटावर वस्ती दोनएकशे लोकांची, नसाऊ ग्रुपर हा मोठा मासा कुत्र्यासारखा मागे मागे येतो म्हणतात. पण तिथे बोटीशिवाय जमत नाही, ऑक्टोबरमध्ये वादळाची टांगती तलवार, आणि केमनचा एक डॉलर म्हणजे अमेरिकेचे सव्वा, मेनू कार्ड वाचताना आधी स्वस्त वाटतं आणि मग बिल येतं.

एक गोष्ट मात्र त्या शीटमध्ये कुठेच नव्हती. २०१४ ला मायामीजवळ प्रवाळांना एक रोग दिसला, स्टोनी कोरल टिश्यू लॉस नावाचा, आणि तो कॅरिबियनभर पसरत २०२३ मध्ये बोनेरला पण पोचला. मेंदूसारखे दिसणारे गोल प्रवाळ, शेकडो वर्षांचे, काही आठवड्यांत पांढरेफटक होतात. त्यामुळे जुने फोटो बघून जायचं नाही हे आम्ही ठरवलंय, आणि एका साइटवरून दुसरीकडे जाताना गिअर जंतुनाशकात धुवायचा.

शेवटी तह झाला. बोनेर, पण हिल्मा हूकर नक्की करायचं. १९८४ ला बुडालेलं ७० मीटरचं मालवाहू जहाज, आत गांजा सापडला होता, आता उजव्या कुशीवर झोपलंय, तळ ३० मीटरला. नवरा तळापर्यंत जाणार, मी वरची बाजू बघणार, ती १८ मीटरच्या आसपास लागते. आणि परतीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पाण्यात उतरायचं नाही, विमानाच्या आधी निदान १८ तास कोरडं राहायला लागतं, त्या वेळात दक्षिणेच्या मिठागरांवरचे फ्लेमिंगो बघू.

तिकिटं काल काढली. तेव्हापासून मी रोज सकाळी दात घासताना नाक दाबून कान उघडायची प्रॅक्टिस करतेय. उजवा लगेच उघडतो. डावा अजून चूंच करतोय.