कुकरला टेकवलेला फोन आणि रविवारचे चार प्रश्न

पहिला व्हिडिओ मी पाठवला तो गाऊनवर. पहाटेचे सव्वापाच, डोंबिवलीतल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर, फोन कुकरला टेकवलेला आणि मी ओट्यासमोर स्क्वॉट मारतेय. मागून सासूबाई दुधाची पिशवी घेऊन येतात, थांबतात, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि चकार शब्द न काढता निघून जातात. दुपारी कोल्हापूरहून माझ्या ऑनलाइन फिटनेस कोचचं उत्तर आलं : "ताई, सुरुवात छान. पण गाऊनमध्ये गुडघे दिसत नाहीत, पँट घालून परत पाठवाल का? आणि आजींना नमस्कार सांगा."

मी ४३ वर्षांची, बँकेत अधिकारी, शाखा दादरला. सव्वासातला घर सोडते, परत यायला आठ वाजतात. मुलगी नववीत. बँकेच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आमच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिनकडे बोट दाखवलं : १०.२. बायकांचं निदान १२ तरी हवं. लोह कमी असलं की एचबीएवनसी उगाच वर दिसू शकतं, म्हणून त्यांनी उपाशीपोटीची साखरही तपासायला लावली. ती ११२ निघाली, म्हणजे तिथेही उंबरठाच. "गोळी लगेच नको, पण वजन कमी करा, स्नायू वाढवा," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला. स्नायू कुठून आणायचे ते काही सांगितलं नाही.

जिम करून झालं होतं. वर्षाची फी एकरकमी भरली आणि अकरा दिवस गेले. एका दिवसाला किती पडले हा हिशोब नवऱ्याने केला, मी केला नाही. मग एका ओळखीतून व्हॉट्सअॅप ग्रुप जॉइन केला. एकवीस दिवसांचं चॅलेंज, दोनशे बायका, रोज सकाळी झूमवर एक मुलगी टाळ्या वाजवत उड्या मारायला लावणार. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले, त्यांच्या हॉलचा पंखा हलतो म्हणून. सातव्या दिवशी ग्रुपवर शेकचे डबे विकायला आले. जेवणाऐवजी घ्यायचे, किंमत ऐकून मी उपाशीच बरी. पैसे परत मागितले तर "डिजिटल प्रॉडक्ट आहे, रिफंड नाही" असं उत्तर आलं, हात जोडलेल्या इमोजीसकट.

त्यामुळे ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिची कोच सुचवली तेव्हा मी कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघते तसं बघितलं. आपल्याकडे कोणीही उठून स्वतःला फिटनेस कोच म्हणवू शकतं. म्हणून पहिल्या कॉलवर मीच तिची केवायसी केली. सर्टिफिकेट कुठलं, एका वेळी किती बायका सांभाळतेस, काही विकतेस का, मध्येच सोडलं तर पैशांचं काय. ती हसत होती, पण उत्तरं सरळ दिली. सगळ्यात आवडलं ते हे : "मी डाएटिशियन नाही, ताई. रोजच्या जेवणाचं बोलेन. शुगरची गोळी सुरू झाली तर मात्र नीट शिकलेल्या डाएटिशियनकडेच जायचं." तीन महिन्यांचे साडेसात हजार, महिन्याच्या महिन्याला भरायचे.

मग फॉर्म आला. आमच्या होम लोनचा फॉर्म त्याच्यासमोर छोटा. झोप किती, पाळी कशी, रक्तस्राव किती, गुडघे, पाठ, बाळंतपण नॉर्मल की सिझेरियन, खोकताना-शिंकताना लघवी होते का (हा प्रश्न मला आजवर एकाही डॉक्टरने विचारला नव्हता), घरात स्वयंपाक कोण करतं, सोमवार ते रविवार कुठल्या वेळी कुठे असता. सोबत तीन बाजूंचे फोटो मागितले होते, घट्ट कपड्यातले. मी साफ नाही म्हटलं. एका वाक्याचाही वाद झाला नाही : "टेप आहे ना घरी? कंबर बेंबीच्या पातळीला मोजा, दर दोन आठवड्यांनी, त्याच वेळी." कंबर भरली ९३ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांना ८०च्या वर गेली की धोका धरतात. वजन ६८.४.

हिमोग्लोबिन बघून तिने पहिले तीन आठवडे घामाचं काही दिलंच नाही. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली होती, ती मी चहाबरोबर घेत होते. चहाने लोह अंगी लागत नाही हे तिने सांगितलं, तेव्हापासून गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा तासाभराने. नंतर डॉक्टरांना दाखवून या, त्यांनी हो म्हटलं की पुढे.

आता मुद्द्याचं. व्यायामाचे व्हिडिओ फुकटात ढिगाने पडलेत, त्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत. मी पैसे दिले ते माझ्या यादीतून गोष्टी वजा करायला. मी उत्साहात लिहून पाठवलं होतं : आठवड्याचे सहा दिवस, रोज एक तास, शिवाय दहा हजार पावलं. तिने विचारलं, घर ते स्टेशन किती वेळ? सतरा मिनिटं, गाडी पकडायची म्हणजे झपझपच. दोन्ही वेळचे चौतीस, पाच दिवसांचे एकशे सत्तर. "जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो तुम्ही आधीच करताय, ताई. जमेला धरा. उरले दोन दिवस ताकदीचे." वीस वर्षं मी ती चाल त्रासाच्या खात्यात मांडत होते! दहा हजार पावलांचंही तिने उडवून लावलं. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला म्हणे, यंत्राचं नावच दहा हजार पावलांचा मीटर. मुलीने तिचं घड्याळ माझ्या हाताला बांधलं होतं, ते मी परत दिलं.

तर मंगळवार आणि शुक्रवार, पंचवीस मिनिटं, आणि जमलं तर रविवार. गूगल शीटमध्ये सहा व्यायाम : बसणं-उठणं, कमरेतून वाकणं, ढकलणं, ओढणं, पुलासारखं कंबर उचलणं आणि वजन घेऊन चालणं. सामान म्हणजे एक रबरी बँड, पाच किलो आट्याची पिशवी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. पुश-अप ओट्याला हात टेकवून. वजन घेऊन चालणं म्हणजे दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, आणि ते मी नळाला पाणी यायचं त्या जमान्यात फुकट केलंय.

अडलं ते कमरेतून वाकण्यापाशी. आम्हा बायकांना वाटतं वाकायचं काय शिकायचं, जन्म गेला केर काढण्यात. व्हिडिओ बघून ती म्हणाली की मी कमरेतून वाकतच नाही, पाठीतून वाकते. झाडू घ्या. दांडा पाठीवर उभा धरा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला हवा. आता गुडघे जरासे सैल सोडून ढुंगण मागे न्या, जसं दोन्ही हातांत सामान असताना मागे दार लोटतो. दांडा एका जागीही सुटला तर तिथेच थांबा. माझा दांडा पहिल्या चार इंचांतच माकडहाडावरून सुटायचा. आठ व्हिडिओ गेले. नवव्याला मांडीच्या मागे अशी ओढ बसली की मी हुंकारले. तिचा व्हॉइस मेसेज आला : "हां ताई, हेच!" त्या आठवड्यात बँकेच्या तळातल्या कपाटातून फायली काढताना मला मी दार लोटताना दिसले. पाठीची ती सायंकाळची कळ महिनाभरात गेली. साखरेआधी पाठच सुधारली, आणि खरं सांगायचं तर मी टिकले ती त्यामुळे.

वजन कधी वाढवायचं याला तिचा एकच प्रश्न : "शेवटचा स्क्वॉट झाल्यावर आणखी किती निघाले असते?" चार-पाच म्हटलं की आट्याबरोबर तांदळाची पिशवी. दोन म्हटलं की तसंच राहू दे. ताकदीच्या पहिल्या आठवड्यात एकदा मी बढाई मारून शून्य म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या पुलाच्या पायऱ्या कठड्याला धरून आडव्या उतरले. मागच्या बायका काय काय बोलल्या ते लिहीत नाही.

खाण्याचं प्रकरण सासूबाईंच्या हद्दीतलं. एक आठवडा नुसते ताटाचे फोटो पाठवले. तिने हिशोब केला तर प्रथिनं दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी मला सत्तावन्न हवीत, आणि तिला सत्तर हवी होती. आमच्या घरात सगळ्यांची ठाम समजूत की वरण म्हणजे प्रथिनं. आमचं वरण पळीने ओतलं की धार लागते, वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम. मग पोह्यांऐवजी तीन दिवस मुगाचं धिरडं, डब्यात दही, संध्याकाळी फुटाणे, भाजीत मूठभर सोया वड्या (शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रथिनं, चवीचं मात्र विचारू नका). अंडी घरात चालत नाहीत. ती गॅलरीत इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात, असा तह झाला. पोळ्या तिने बंद केल्या नाहीत, भातही नाही. गणपतीत मोदकांचं विचारलं तर म्हणाली, "खा की. पण उकडीचे पाच खाऊन वर वरणभात नको." संकष्टीची साबुदाण्याची खिचडी मात्र गेली. तिची जागा भगर आणि दाण्याच्या आमटीने घेतली, हे मला अजून खुपतं.

रविवारी संध्याकाळी चार प्रश्न यायचे. काय झालं, काय राहिलं, झोप आणि पाळी कशी, आणि पुढच्या आठवड्यातून काय काढायचं. पहिल्या तिन्हींना मी खोटं बोलू शकत होते, चौथ्याला नाही, कारण त्यासाठी आठवडा डोळ्यांसमोर आणावाच लागतो. मार्च अखेरीला मी लिहिलं, "सगळंच काढ." तिने बारा मिनिटं ठेवली, तीन व्यायाम, आठवड्यातून एकदा. ३१ तारखेला रात्री साडेदहाला घरी आले. बारा मिनिटंही झाली नाहीत. एक एप्रिलला शीटमध्ये थकबाकी म्हणून काहीही पुढे ओढलेलं नव्हतं. सातव्या दिवशी डब्याच्या गटातून बाहेर पडलेली मी इथे सातव्या महिन्यात आहे, ती या एका रिकाम्या रकान्यामुळे.

सगळं गोडगोड नव्हतं. नवव्या आठवड्यात तिचं उत्तर आलं, "पुण्याच्या ट्रिपनंतर परत रुळावर आलात, मस्त!" मी पुण्याला गेलेच नव्हते. कोणा दुसरीचं उत्तर मला चिकटवलं होतं. मला राग आला त्यापेक्षा लाज वाटली, मी हिला माझी समजून पाळीबिळीचं सगळं सांगत होते. फोन केला. तिने कबूल केलं की सांभाळायच्या बायकांची संख्या चाळीसच्या वर गेलीय, रविवारी रात्री एकपर्यंत उत्तरं देते, चूक झाली. त्यानंतर माझा चेक-इन, म्हणजे ते चार प्रश्न, बुधवारी हलवला, आणि ती व्हॉइसवर उत्तर देते. पण तेव्हापासून एक लक्षात ठेवलंय, तिचा जीव माझ्यात अडकलेला नाही, हे तिचं काम आहे. ते तसंच असायला हवं.

आणि एक माझी चूक. चौथ्या महिन्यात वजन हलेना, तर मी तिला न सांगता यूट्यूबवरच्या उड्या सुरू केल्या. गुडघा सुजला. तिने फोनवर औषध सांगितलं नाही, हाडांच्या डॉक्टरांकडेच पाठवलं. दहा दिवस पायाचं सगळं बंद, फक्त हात. स्क्रीनपलीकडून गुडघा दाबून बघता येत नाही, तेवढी या प्रकाराची हद्द.

सहा महिन्यांनी वजन ६४.९, कंबर ८६, हिमोग्लोबिन १२.१, उपाशीपोटीची साखर १०१, एचबीएवनसी ५.७. म्हणजे उंबरठ्यावरच, फक्त घराच्या बाजूला. आणि ही घट किती व्यायामाची, किती लोह भरून निघाल्याची, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकलाय की सगळं धिरड्यांचं.

आता मी महिन्याला एकच चेक-इन ठेवलाय, फी तिसऱ्या हिश्श्याने. बाकीचे तीन बुधवार शीट मी स्वतःच भरते. आज बुधवार. पहिले तीन रकाने भरलेत. चौथ्याशी जरा वेळ गेला, कारण गुरुवारपासून ऑडिटर बसतायत आणि शनिवारी मुलीची परीक्षा सुरू.

शुक्रवार काढला.