लेहमध्ये लॅपटॉपवर रिटर्न भरताना

गेल्या वर्षी लेहला उतरलो आणि फोनची रेंजच गेली. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेड चालतात, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. हॉटेलच्या वाय-फायवर लॅपटॉप सुरू झाला, पण बँकेचा ओटीपी बंद सिमवर येणार कसा? कराचा भरणा अडकला. जीएसटीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, पुण्याला परतल्यावर भरलं, दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर व्याज देऊन.

यंदा निघायच्या दोन आठवडे आधी दुकानात जाऊन तोच नंबर पोस्टपेड करून घेतला. हे ऐनवेळी करू नका. त्यात सिमकार्ड बदललं, तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. ‘तिकडे जाऊन लोकल सिम घे’ असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. त्याने नेट मिळालं असतं, पण बँकेत नोंदवलेला नंबर बंदच राहिला असता.

१८ तारखेला पोचलो. लेह साधारण ३,५०० मीटरवर, त्यामुळे विमानाने येणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायचीच असते. कामासाठी मी हेच दिवस धरले होते. रिटर्नची २० तारीख शेवटची. संध्याकाळी सगळे पाहुणे खोल्यांवर परतले तसं वाय-फाय रखडायला लागलं, आणि मग वीजच गेली. राउटर बंद, पण फोनला रेंज होती.

हॉटस्पॉट लावला असता तर फोनची बॅटरी भराभर उतरली असती. म्हणून केबल जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला दिलं. लॅपटॉपवरून फोन चार्जही होत राहतो. पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली, लॅपटॉपला फोन दिसेचना. बायकोच्या पर्समधली दुसरी चालली. विंडोजमध्ये हे कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा जपून वापरायचं, करून टाकलं, नाहीतर अपडेट आणि फोटोंचं सिंकच सगळा डेटा ओढून घेतं.

पोर्टल उघडायला वेळ लागला. चलन तयार झालं, बँकेचं पान आलं, आणि अंधारात फोन वाजला. ओटीपी! बायको टॉर्च धरून बसली होती, तिने आकडे मोठ्याने वाचले. पावणेदहाला रिटर्न दाखल झालं.

सकाळी लॅपटॉप हॉटेलवरच ठेवला आणि खारदुंगला खिंडीच्या वाटेला लागलो.